पालथं ताट

सत्वाप्पांचं चरित्र लिहायचं काम चर्च कमिटीने माझ्या गळ्यात मारलं तेव्हा मी देवावर रुसलेली होते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं, बाई मोठ्या भाविक. भाविक वगैरे काही नव्हते. बेळगावच्या कॅम्पातल्या आमच्या चर्चमध्ये दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसत होते, गायनं म्हणत होते, रविवारच्या शाळेत मुलांकडून वचनं पाठ करून घेत होते. पण आत सगळा कोरडा कारभार होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस. त्याआधी पाळकसाहेब म्हणतात, ज्याच्या मनात भावाबहिणीविषयी काही असेल त्याने आधी समेट करावा आणि मग या मेजापाशी यावं. ते शब्द आले की मी हळूच उठायची आणि मागच्या खोलीत जाऊन मुलांची पाठांतराची कार्डं लावत बसायची. कार्डं आधीच लावलेली असत. ती मी विस्कटायची आणि पुन्हा लावायची. असं चार वर्षं चाललं. कुणाच्या लक्षात आलं नसेल असं नाही, पण हायस्कुलात तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला विचारणार कोण?

कारण सांगते. माझी आक्का, म्हणजे सख्खी थोरली बहीण, निपाणीला आमच्या माहेरच्या घरात राहते. भावजी गेले, मुलं पुण्याला, ती एकटीच असते. वडील गेल्यावर आईला मी बेळगावला माझ्याकडे आणलं होतं. नऊ वर्षं आई माझ्याजवळ होती. तिचं औषध, तिचं पथ्य, तिची चिडचिड, सगळं मी केलं. चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात आई म्हणाली, आठ दिवस मला माझ्या घरी जाऊ दे. आक्का येऊन घेऊन गेली. सहाव्या दिवशी आई वारली. मी निपाणीला पोचले तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते आणि चार वाजताच माती होऊन गेली होती. मला आईचं तोंड दिसलं नाही. नऊ वर्षं जिने केलं तिच्यासाठी दीड तास थांबता आलं नाही यांना! मी कबरस्तानातच, चिखलात उभी राहून, सगळ्या नातेवाइकांसमोर आक्काला म्हटलं, "तू माझी आई चोरलीस." आणि मातीनंतरच्या जेवणाला न बसता परत फिरले. त्यानंतर त्या घरचं पाणीदेखील प्यायले नाही. नातेवाईक माझ्याच बाजूचे होते. आक्का काही बोलली नाही, त्यावेळी नाही आणि नंतरही नाही. तिच्या गप्प बसण्याचा तर मला आणखीच संताप यायचा.

आता सत्वाप्पांविषयी. साठ-सत्तर वर्षांपूर्वी निपाणीपासून संकेश्वर, हत्तरगीपर्यंत गावोगाव संजीवन सभा घेत फिरलेला हा उपदेशक. आधी निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाल, दारुडा, मारामाऱ्या करणारा. मग प्रभूची हाक आली आणि माणूस पालटला. पगार नाही, घर नाही, खांद्यावर एक वाजवायची पेटी आणि पायांत टायरच्या चपला. तंबाखूच्या खळ्यावर सभा भरायची, बायका बिड्या वळता वळता ऐकायच्या आणि शेकड्यांनी माणसं रडायची म्हणे. आमच्याकडच्या तरुण मुलांना अलीकडे त्यांचं भारी वेड लागलंय. फोनवर त्यांचा एकुलता एक फोटो फिरतो, त्याच्याभोवती कुणीतरी सोनेरी वलय काढलंय. येणाऱ्या संजीवन सभेत त्यांच्या चरित्राची पुस्तिका वाटायची असं ठरलं आणि "बाई मराठीच्या आहेत" म्हणून ती माझ्याकडे आली.

मी साक्षी गोळा करायला लागले आणि महिनाभरात वैतागून गेले. ज्याला विचारावं तो एकच सांगायचा. ते लई पवित्र होते हो. त्यांनी हात ठेवला आणि ताप उतरला. त्यांनी वर बघितलं आणि पाऊस थांबला. पाऊस थांबल्याच्या मला सात साक्षी मिळाल्या, त्याही एकाच वर्षीच्या, आणि ते वर्ष दुष्काळाचं होतं असं वडील सांगायचे. बरं, माणूस कसा होता? काय खायचा? कशाला हसायचा? कुणावर चिडायचा? हे विचारलं की लोक माझ्याकडे असे बघायचे, जशी मी देवळात चपला घालून शिरलेय. दोनशे कागद भरले आणि त्यात एक माणूस सापडेना. शेवटी मी पाळकसाहेबांना जाऊन सांगितलं की हा सगळा गूळ आहे, भाकरी कुठेच नाही, आणि मला हे काम जमणार नाही.

आमचे पाळकसाहेब वयाने माझ्या मुलासारखे. ते कागद चाळत म्हणाले, "बाई, तीन जणांनी एकच लिहिलंय. सत्वाप्पा निपाणीत तुमच्याच घरी उतरायचे."

"उतरत असतील. माझा जन्मही झाला नव्हता तेव्हा."

"पण तुमच्या आक्का होत्या ना?"

मी म्हटलं, आक्काला फोनवर नीट ऐकू येत नाही. ते म्हणाले, मग जाऊन या. मी म्हटलं, माझी शुगर. ते म्हणाले, सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाला पोचाल. मी आणखी दोन सबबी सांगितल्या. त्यांनी दोन्ही ऐकून घेतल्या आणि "मी प्रार्थना करतो" म्हणाले. पाळक लोकांचं हे एक बरं असतं, दुसऱ्याला उन्हात पाठवायचं आणि आपण प्रार्थना करायची. तरी मी गेले. देवाच्या प्रेमाने गेले असं म्हणणार नाही. हातात घेतलेलं काम अर्धवट टाकायची मला सवय नाही, म्हणून गेले. आक्काला फक्त निरोप धाडला, मंगळवारी येतेय, सत्वाप्पांची माहिती हवीय.

मंगळवारी सकाळी मी एक इडली खाल्ली, गोळी घेतली आणि निपाणीची बस धरली. मनात ठरवून टाकलं होतं की वही काढायची, प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहायची आणि तीनची बस पकडायची. जेवणाचं विचारलं तर पथ्य आहे म्हणायचं. हत्तरगीच्या पुढे बसच्या इंजिनातून वाफ यायला लागली आणि बस रस्त्याकडेला जी थांबली ती थांबलीच. रस्ता रुंद करायचं काम चाललेलं, सगळीकडे खडी आणि धूळ, सावलीला एक झाड ठेवलेलं नाही. मागून येणाऱ्या बस भरून येत होत्या आणि न थांबता जात होत्या. तासभर गेला. माझ्या पिशवीत एरवी बिस्किटांचा पुडा असतो, तो नेमका घरी ओट्यावर राहिला. अंगाला बारीक घाम सुटायला लागला. मी त्या धुळीत उभी राहून मनातल्या मनात म्हटलं, देवा, तुझंच काम करायला निघालेय ना मी? मग ही काय पद्धत झाली? प्रार्थना म्हणून हे कुठे बसतं मला माहीत नाही. पण चार वर्षांत मी देवाशी मनापासून बोललेलं ते पहिलंच वाक्य होतं.

तेवढ्यात एक टेम्पो थांबला. मागे भाड्याने द्यायची भांडी खच्चून भरलेली, काहिली, पातेली, बादल्या. पन्नाशीचा एक माणूस खिडकीतून डोकावला. "मावशी, कुठं जायाचंय?"

"निपाणी."

"बसा मग. उन्हात का म्हनून सुकायलाय?"

पुढच्या सीटवर स्टीलच्या ताटांचा ढीग होता. त्याने तो उचलला आणि मी बसल्यावर सरळ माझ्या मांडीवर, माझ्या कापडी पिशवीवर ठेवला. "धरा जरा. आन् पालथीच ऱ्हाऊ द्या, धूळ बसतीया." ना ओळख ना पाळख, आणि मी याच्या ताटांची राखण करायची! पण पाय टेकायला जागा मिळाली होती, म्हणून गप्प बसले. तो मात्र गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. माझ्याइतकाच वैतागलेला होता. निपाणीच्या पलीकडे कुठे बारशाचं जेवण होतं आणि त्यांना भांडी अकरालाच हवी होती. "लोकास्नी पंगत पायजे मावशी, भांडी घासाय नको. खरकटी तशीच धाडत्यात. सुतकाची असू देत न्हायतर बारशाची, माझ्याकडं सारकीच. जेवताना तेवढी मान्सं ग्वाड आसत्यात." आणि त्याने खिडकीतून तंबाखूची पिचकारी मारली. वळणाच्या कच्च्या रस्त्यावर टेम्पो असा आदळला की ढीग माझ्या मांडीवरून घसरला. मी धडपडून ताटं गोळा केली. निपाणीला सर्व्हिस रोडवर त्याने मला उतरवलं, ढीग परत घेतला, पैशाचं विचारलं तर हात झटकला आणि निघून गेला.

आक्काच्या दारात पोचले तेव्हा एक वाजून गेला होता. आक्का उंबऱ्याशी बसलेली. आता चौऱ्याहत्तरची आहे, वाकली आहे. चार वर्षांत ती इतकी लहान झाली असेल असं मला वाटलं नव्हतं.

"आलीस व्हय? लई उशीर केलास. मला वाटलं, येत न्हाईस आता."

"बस बंद पडली."

"पाय धू. घामानं थबथबल्यास की."

मी पाय धुतले, पण पाणी प्यायले नाही. इतकी हट्टी. आत दोन पाट मांडलेले होते, दोन ताटं मांडलेली होती. चुलीपाशी भाकरीचं टोपलं झाकून ठेवलेलं, दोडक्याची भाजी, शेंगाचटणी. वास नाकात शिरला आणि सकाळची एकच इडली आठवली. मी म्हटलं, "जेवण नको. पथ्य आहे. तू सत्वाप्पांचं सांग, मी लिहून घेते." मी वही काढायला पिशवीत हात घातला आणि वहीबरोबर एक स्टीलचं ताट बाहेर आलं.

त्या टेम्पोवाल्याचं ताट. ढीग घसरला तेव्हा एक ताट माझ्या पिशवीत सरकलं होतं आणि मला पत्ता नव्हता. मी ते हातात धरून बसले. तोंडातून चार वर्षांत बहिणीला एक शब्द नाही आणि आले ती दुसऱ्याचं ताट चोरून!

आक्का डोळे बारीक करून बघत होती. मग तिने तोंडाला पदर लावला. आधी वाटलं रडतेय, पण हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला. "अगं बाय! सत्वाप्पाचं इचारायला आलीस आन् ताट घिऊन आलीस? तुला कुनी सांगितलं त्येच्या ताटाचं?"

"कसलं ताटाचं? मला काही माहीत नाही."

आक्काने माझ्या हातातलं ताट घेतलं, आमच्या दोघींच्या मधे पालथं ठेवलं आणि सांगायला लागली. मी वही उघडली खरी, पण लिहायचं राहिलं. म्हणून आता आठवेल तसं देते.

"सत्वाप्पा कसला पवित्र गं! लई तापट मानूस. गायनाला कोन उशिरा आला की पेटी आपटायचा. प्रार्थना कुनी लांबीवली की खाकरायचा. आन् एक खोड हुती त्येला. ज्या घरात भांडन, त्या घरात जेवत न्हवता. पाटावर बसायचा, हात धुवायचा आन् ताट पालथं घालायचा. 'तुमचं तुमी सलाम करा एकामेकास्नी, मग वाढा,' म्हनायचा. गावातल्या बायका त्येला बघून कपाळाला हात लावायच्या. भाकरी गार, आमटी गार, आन् ह्यो देवासारका बसलेला."

आणि ही खोड त्यांना लागली कशी, ते आक्काला आमच्या वडिलांनी सांगितलं होतं. दारूच्या दिवसांत सत्वाप्पांनी सख्ख्या थोरल्या भावाचा हात मोडला होता. हात वाकडाच राहिला, भावाचं हमालीचं काम सुटलं. पुढे सत्वाप्पा उपदेशक झाले, खळ्याखळ्यावर माणसं त्यांच्यासमोर रडून पापं कबूल करायला लागली, पण हे स्वतः दोन वर्षं भावाच्या दाराकडे फिरकले नाहीत. शेवटी गेले ते तीन दिवस तिथेच बसले. भाऊ वाढायचा आणि हे ताट पालथं घालायचे. सगळ्या मुलखाला ऐकू जाईल असा आवाज असलेला माणूस, भावापुढे त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. चूक कबूल करायला जीभ उचलत नव्हती. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "दादा, भूक लागली." भावाने त्या वाकड्या हाताने ताट सुलटं केलं आणि वाढलं. एवढाच समेट झाला. सत्वाप्पा पुढे म्हणायचे की मी तंबाखूच्या वखारीत तारण पावलो हे खरं, पण जेवलो भावाच्या घरी.

"आन् मग ह्या घरात," आक्का म्हणाली. "आईची आन् काकीची दोन वर्सं बोलाचाली न्हवती. नळाच्या पान्यावरनं. मी अकरा वर्सांची. ह्यो आला, बसला, ताट पालथं. चारला खळ्यावर सभा, मान्सं येऊन बसल्याली. आपलं आप्पा हातापाया पडायले त्येच्या. आईनं चूक कुनाची ते सांगाय सुरू केलं तर ह्यानं कानात बोटं घातली. म्हनला, 'चूक कुनाची ते देवाला ठावं हाय. मला एवढंच सांगा, भूक कुनाला जास्त लागल्या? जेला जास्त भूक, त्यानं आदी बोलावं.'"

"मग?"

"मग काय? आईला लागलती. आई पोटूशी हुती न्हवं सात म्हयन्यांची. उठली, काकीकडं गेली, म्हनली, 'जाऊबाई, मला भूक लागल्या, चला जेवू.' काकी रडाय लागली. आन् आई म्हातारपनातबी सांगायची, मी काय मोठी क्षमा करनारी न्हाय. पोटातलं पोर गप बसू देत न्हवतं." आक्काने माझ्याकडे बघितलं. "तूच की गं ती. तुज्यापायी लागलती आईला भूक."

शुगर खाली गेली होती हे मला कळत होतं. पण नुसतं तेवढंच नव्हतं. चार वर्षं जे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, यजमानांनादेखील नाही, ते घशाशी आलं होतं. आई गेली त्या दिवशी सकाळी आठ वाजता आक्काचा फोन आला होता. मी तो घेतला होता. आईला बरं वाटेना, तू ये, असं ती म्हणाली. मी म्हटलं, तुझं नेहमीचंच, सहा दिवस सांभाळायला लागलं तर लागली घाबरायला, माझे पेपर तपासायचे आहेत. आणि शाळेत गेले. नंतरचे दोन फोन घेतलेच नाहीत. अकराला आई गेली, ते मला दोनला कळलं, दुसऱ्याच कुणाकडून. मी आठला निघाले असते तर आई बोलतीचालती भेटली असती. हे मी देवाला सांगितलं नाही, स्वतःलाही सांगितलं नाही. त्यापेक्षा आक्काने आई चोरली हे सोपं होतं. नातेवाइकांनाही ते पटलं.

मी सत्वाप्पांसारखीच निघाले. चूक झाली म्हणायला जीभ उचलेना. मी म्हटलं, "आक्का, मला भूक लागलीय." आणि रडायला लागले. रडत रडतच आठ वाजताच्या फोनचं सांगितलं.

आक्का माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी काही जुनंपुराणं सांगतेय. "मला ठावं हाय की. फोन मीच केलता न्हवं?"

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. खरंच सांगते, चार वर्षांत एकदाही नाही. तिला माहीत होतं. नातेवाईक तिला नावं ठेवत होते, कबरस्तानात मी तिला चोर म्हटलं, आणि एका वाक्यात ती माझं तोंड बंद करू शकली असती. एक वाक्य! "मग तू बोलली का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलेच तिच्यावर.

"सांगून आई येनार हुती व्हय? आन् तुज्याजवळ काय ऱ्हायलं असतं मग?" तिने टोपल्यावरचं फडकं काढलं. "माजंबी चुकलं. तासभर थांबाय पायजे हुतं. खड्ड्यात पानी भरायलतं, मान्सं गडबड करायलती, भ्यालो मी." आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःविषयी असंच बोलतात, भ्यालो, आलतो. आईही तशीच बोलायची. तो शब्द ऐकला आणि मला आईचाच आवाज ऐकल्यासारखं झालं. आक्काने ते टेम्पोवाल्याचं ताट सुलटं केलं, पदराने पुसलं आणि त्यातच मला भाकरी वाढली. भाकरी गार होती. मी तीन खाल्ल्या. पथ्य गेलं उडत.

परतताना मी निपाणीत भांड्यांच्या चार दुकानांत विचारलं. असा टेम्पो कुणाचा नाही म्हणाले. एकाने सांगितलं, कागलकडचा असेल. ताटावर नाव घातलेलं होतं, पण घासून घासून पुसट झालंय, वाचता येत नाही. तरुण संघातल्या एका मुलीला हे सांगितलं तर तिचे डोळे मोठे झाले आणि "बाई, तो देवदूत होता" म्हणून मोकळी झाली. मी म्हटलं, देवदूत तंबाखू थुंकत नाहीत आणि लोकांच्या नावाने बोटं मोडत नाहीत. तो एक माणूस होता, त्याला बारशाला उशीर झाला होता, तरी तो थांबला. त्याचं एक ताट माझ्याकडे आहे, ते त्याला परत मिळावं एवढीच माझी प्रार्थना आहे. बाकी त्या दिवशी बस का बंद पडली, बिस्किटं घरी का राहिली, याचा अर्थ मी लावत नाही. लावायला गेले तर पुन्हा मीच शहाणी ठरेन, आणि शहाणपण करून चार वर्षं काय मिळवलं ते मला माहीत आहे.

पुस्तिकेत मी ताटाचा, वाकड्या हाताचा, तापटपणाचा सगळा भाग घातला. कमिटीतल्या दोघातिघांना तो रुचला नाही. संताला असं दाखवू नये, तरुणांवर काय परिणाम होईल, पाऊस थांबल्याचं मागे का ढकललं. तासभर त्यांनी डोकं खाल्लं. मी ऐकून घेतलं, जे माझ्या स्वभावात नाही. मग पाळकसाहेब म्हणाले की तरुणांना पाऊस थांबवायचा नाहीये, त्यांना घरी जाऊन आईबापांशी बोलायचंय. पुस्तिका आहे तशी छापली. सभेच्या दुसऱ्याच दिवशी मला शहापूरहून एका अनोळखी मुलाचा फोन आला. त्याने फक्त सांगितलं की काल रात्री तो भावाकडे जेवला, आणि फोन ठेवला.

सत्वाप्पांविषयी लोक विचारतात की त्यांच्या आयुष्यातून तुम्ही काय शिकलात. मला धडे देता येत नाहीत, जन्मभर दिले तरी. एवढं कळलं की देवापुढे चांगलं होऊन जावं लागत नाही. मी चार वर्षं त्याचीच वाट बघत होते, की आधी माझा राग शांत होईल, आधी कोण चुकलं ते ठरेल, मग जाईन. तसं काही ठरत नसतं. उपाशी आहोत हे कबूल करावं लागतं, तेवढंच आपल्याकडून लागतं. वाढणारा तयारच असतो, आणि तो बराच वेळ वाट बघत बसलेला असतो.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आक्काला मी बेळगावला आणली. तिसऱ्या बाकावर माझ्याशेजारी बसवली. पाळकसाहेबांनी ते नेहमीचे शब्द म्हटले आणि सवयीने मी मागच्या खोलीकडे जायला उठलेच. आक्काने न बघता माझा पदर धरला. कार्डं त्या दिवशी लावलेलीच राहिली. आम्ही दोघी पुढे जाऊन गुडघे टेकले. पाळकसाहेब भाकर घेऊन माझ्यासमोर आले, क्षणभर थांबले, आणि मी हात पुढे केला. मला भूक लागली होती.